गोऱ्हा द्यावा का?

हाळी-हंडरगुळीच्या बाजारात गोऱ्ह्याचं तोंड उघडून दात बघणारा शेतकरी पुढची आठ-दहा वर्षं बघत असतो. दुधाचेच दात असले तर तो आदत. मग दोनदाती, चारदाती, सहादाती, आणि सगळे पक्के दात आले की जुळलेला. जुळलेल्या बैलाची पारख सोपी, औताला जुंपला की चाल कळते. आदत गोऱ्हा, देवणी असो की लाल कंधारी, उद्या कसा निघेल हे मात्र मालकाच्या नजरेवर असतं. म्हणून त्याला भाव कमी, आणि म्हणूनच दोन गोऱ्हे नि वर पैसे देऊन एक तयार बैल घरी न्यायचा मोह होतो.

अमेरिकेतले बेसबॉल संघ हाच सौदा करतात. जेतेपद टप्प्यात दिसू लागलं की शिकाऊ पोरं द्यायची आणि नावाजलेला खेळाडू आणायचा. ऑगस्ट १९८७ मध्ये डेट्रॉइट टायगर्सने ३६ वर्षांचा डॉयल अलेक्झांडर हा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, आणला आणि अटलांटाच्या संघाला २० वर्षांचा जॉन स्मोल्ट्झ देऊन टाकला. पोरगा डेट्रॉइटच्याच मिशिगन राज्यात वाढलेला, म्हणजे घरच्याच गोठ्यातला. खालच्या लीगमध्ये तेव्हा तो मार खात होता. अलेक्झांडरने त्या हंगामात डेट्रॉइटसाठी ९ सामने जिंकले, एकही हरला नाही. संघ गटात पहिला आला, पण पुढच्याच फेरीत बाद झाला. दोन वर्षांनी अलेक्झांडरची कारकीर्द संपली. स्मोल्ट्झने मात्र एकूण २१३ सामने जिंकले आणि २०१५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये मान मिळवला.

डेट्रॉइटला मी वेडं म्हणणार नाही. मृगाचा पाऊस पडून गेलाय, वाफसा झालाय, दावणीला एकच बैल आहे, अशा शेतकऱ्याला गोऱ्हा मोठा होईपर्यंत थांब असं कोण सांगेल? त्याने बैल आणावाच. पण आपण बहुतेक सौदे अशा नडीपायी करत नाही. शेजाऱ्याच्या दारात खिल्लारी जोडी आली, आपल्या गोऱ्ह्याने दोनदा जू टाकलं, आणि आपला धीर सुटतो.

धीर कशाला म्हणतात ते आपल्याकडच्या तालमींनी दाखवलं आहे. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत घडले आणि १९७० मध्ये एडिनबरोला राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक जिंकलं. पुढे ते पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत वस्ताद झाले. आपल्या लातूरचे काका पवार त्यांच्याच हाताखाली तयार झाले. पाटोद्याचा राहुल आवारे लहान वयात त्यांच्याकडे आला. वस्तादांनी त्याला आखाड्यात उतरवलं, रोज माती अंगाला लावायला लावली. २०११ मध्ये बिराजदार गेले, तेव्हा राहुलला काका पवारांनी सांभाळलं. २०१८ मध्ये गोल्ड कोस्टला राहुलने राष्ट्रकुलचं सुवर्ण आणलं, वस्तादांच्या सुवर्णानंतर ४८ वर्षांनी.

यात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते जोडीचं शहाणपण. आपल्याकडे गोऱ्हा शिकवायचा तर त्याला जुन्या, जाणत्या बैलाशेजारी जुंपतात. जुना बैल तास सोडत नाही, धुऱ्याशी आपोआप वळतो, आणि गोऱ्हा त्याच्या खांद्याला खांदा लावून तेच शिकतो. तयार बैल हवाच असतो, पण गोऱ्हा विकून आणला तर तो शिकवणार कुणाला? चार-पाच वर्षांनी तोही थकतो आणि दावण पुन्हा रिकामी.

हे बैलांना लागू तसंच गावच्या कबड्डी संघाला, शाळेला, दुकानाला लागू आहे. तुमच्याकडेही असा एखादा आदत असेल. त्याचा कासरा दुसऱ्याच्या हाती देण्याआधी एक हंगाम त्याला तुमच्या सगळ्यात जाणत्या माणसाशेजारी जुंपून बघा.