पद्मपूरचा प्रश्न

संशोधनात प्रश्न विचारणे ही केवळ पद्धतीची बाब नाही. ती नैतिक बाबही आहे. गोंदिया जिल्ह्यातील एका गावाच्या निमित्ताने हे स्पष्ट व्हावे.

‘महावीरचरिता’च्या प्रस्तावनेत भवभूतीचे घराणे दक्षिणापथातील पद्मपूरचे असल्याचा निर्देश आहे. हे पद्मपूर म्हणजे आमगावजवळचे पदमपूर, असे प्रतिपादन वा. वि. मिराशी यांनी केले. तेव्हा भंडारा जिल्ह्यात असलेला हा भाग १९९९ मध्ये नव्या गोंदिया जिल्ह्यात आला. परिसराने हे मत अभिमानाने आपलेसे केले आहे.

‘भवभूती कोठला?’ हा माहितीचा प्रश्न. ग्रामनाम मिळताच तो संपतो. विश्लेषक प्रश्न तेथून सुरू होतो: या मताचे आधार कोणते, आणि प्रत्येक आधार नेमके किती सिद्ध करतो? नामसादृश्य शक्यता दाखवते, निश्चिती देत नाही. दुर्ग येथे सापडलेला वाकाटक ताम्रपट पद्मपूरहून दिलेला आहे. त्यावरून त्या काळी या नावाचे महत्त्वाचे स्थान होते एवढे कळते. भवभूती मात्र आठव्या शतकातला. मधल्या शतकांविषयी तो ताम्रपट मूक आहे. ‘उत्तररामचरिता’तील अरण्यवर्णने स्थानिक अनुभवाची साक्ष मानावीत, तर रामकथेला दंडकारण्य मुळातच अपरिहार्य आहे. अशा छाननीने मत बाद होत नाही. त्याचे वजन कळते.

परंतु हे वजन त्याच मातीतल्या विद्यार्थ्याने करावे काय? येथे भवभूतीचेच नाटक उपयोगी पडते. सीता निर्दोष आहे हे राम जाणतो, तरीही लोकाराधनासाठी तिचा त्याग करतो. लोकांना रुचते म्हणून असत्याला मान द्यावा काय, हा प्रश्न त्या क्षणी तो स्वतःला विचारत नाही. पुढचे सारे दुःख या न विचारलेल्या प्रश्नाची किंमत आहे, असे ते नाटक वाचता येते.

अभ्यासकाचेही एक लोकाराधन असते. गाव, गुरू, परीक्षक यांना रुचेल तेच उत्तर गृहीत धरून रचलेला प्रश्न हा प्रश्नाचा वेष घेतलेला होकार होय. प्रतिकूल उत्तर ऐकण्याची तयारी असेल, तरच प्रश्न खरा. पदमपूरवर प्रेम असणाऱ्याने तो आधी विचारावा. कारण तपासून उरलेला अभिमानच पुढच्या पिढीच्या हाती निःशंकपणे देता येतो.