दहाव्या सामन्याच्या आत

उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकीत ऑक्टोबर संपत आला, की एक प्रश्न हटकून निघतो: हा अठरा वर्षांचा मुलगा तयार आहे का? प्रश्न मुलाबद्दलचा दिसतो, पण त्याची मुदत ठरते ती करारातल्या एका कलमाने. नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये, एवढ्या वयाच्या नवोदिताचा पहिला करार तीन वर्षांचा असतो. अठरा-एकोणीस वर्षांचा खेळाडू हंगामात दहापेक्षा कमी सामने खेळला, तर करारातले ते वर्ष खर्ची पडत नाही. सगळा करार वर्षभर पुढे सरकतो. त्यामुळे मुलाला नऊ सामने खेळवायचे आणि वर ठेवायचे की ज्युनियर, म्हणजे साधारण विशीपर्यंतच्या मुलांच्या, हॉकीत परत धाडायचे याचा निकाल दहाव्याच्या आत लावायचा, अशी रीतच पडली. 82 सामन्यांच्या हंगामाचा जेमतेम नववा हिस्सा, आणि तेवढ्यात एका पोराची पारख उरकायची. यात जमाखर्च चांगला सांभाळला जातो, पारख मात्र हुकते. कारण तयारी हा काही उंची-वजनासारखा मुलाच्या अंगी असलेला गुण नाही. अमुक कामासाठी तयार, एवढाच त्या शब्दाला अर्थ आहे आणि ते काम कोणते द्यायचे हे संघ ठरवतो.

लिओन ड्रायसाइटलचे उदाहरण पाहा. हा जर्मन खेळाडू 2014च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, तिसरा निवडला गेला. त्याला निवडणाऱ्या एडमंटन ऑइलर्स संघाकडे सेंटरच्या जागेवर खेळणाऱ्या माणसांची वानवा होती, म्हणून त्याला लगेच वर घेतले; नऊ सामन्यांची वेस ओलांडून 37 सामने खेळवले. पदरात पडले 2 गोल आणि 7 असिस्ट. जानेवारी 2015मध्ये त्याला ज्युनियर हॉकीत परत पाठवले गेले. तिथे केलोना रॉकेट्सकडून त्याने वेस्टर्न लीग जिंकली आणि ज्युनियर संघांच्या मे महिन्यातल्या मेमोरियल कप स्पर्धेत, अंतिम सामना हरूनही, सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला. पुढच्या हंगामात एनएचएलमध्ये 72 सामन्यांत 51 गुण (गोल आणि असिस्ट मिळून), आणि 2019-20 मध्ये 110 गुणांसह लीगमधला सर्वाधिक गुणांचा आणि सर्वोत्तम खेळाडूचा, असे दोन्ही किताब. जानेवारीतला मुलगा आणि मे महिन्यातला मुलगा यांच्यात फरक होता तो चार महिन्यांचा. बदलले होते ते काम. केलोनात संघाचा खेळ त्याच्याभोवती फिरत होता, पक त्याच्याकडे येत होता, चूक झाली तरी पुढच्या पाळीला तो पुन्हा बर्फावर उतरत होता.

यावर आकडेवारीवाले म्हणतील, की अंदाजाला जागाच कशाला? एका लीगमधल्या गुणांना ठरावीक गुणकाने गुणून दुसऱ्या लीगमध्ये ते किती भरतील हे काढता येते, आणि हे गणित सरासरीला बऱ्यापैकी खरेही ठरते. पण ज्युनियरमधले ते गुण पहिल्या फळीत खेळून, पॉवर प्लेवर, म्हणजे समोरचा खेळाडू शिक्षा भोगत बाहेर असताना, मिळवलेले असतात. वर गेल्यावर त्याच मुलाला चौथ्या फळीत आठ-दहा मिनिटे मिळाली, तर कोणता गुणक लावायचा? अनुभवी नजरेवर विसंबावे, तर तिचीही खोड ठाऊक आहे. वयोगट कॅलेंडर वर्षाने ठरतात, म्हणून जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरमधल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने थोराड असतो. संशोधक रॉबर्ट डीनर आणि सहकाऱ्यांनी 2013मध्ये दाखवून दिले, की वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेले खेळाडू त्यांच्या पुढच्या कामगिरीच्या मानाने ड्राफ्टमध्ये 40हून अधिक जागा खाली निवडले जात होते. लवकर वाढलेले शरीर म्हणजेच तयारी, ही गल्लत आयुष्य हॉकीत घालवलेल्या माणसांकडून होत होती, आणि तीही हा दोष जगजाहीर झाल्यानंतर.

दुसरा आक्षेप सिडनी क्रॉसबीचा. अठराव्या वर्षी, 2005-06 मध्ये, त्याने 102 गुण केले; पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, असे सांगायला हे नाव नेहमी पुढे केले जाते. पण क्रॉसबीला बाकाच्या टोकाला बसवून कोणी अजमावले नव्हते. तो आला तोच आघाडीच्या कामावर. म्हणजे हे उदाहरण, नीट पाहिले, तर माझ्याच बाजूने साक्ष देते.

खरा अवघड आक्षेप जो थॉर्नटनचा. 1997च्या ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेलेला हा खेळाडू पहिल्या हंगामात बॉस्टनकडून 55 सामने खेळला आणि त्याने सात गुण केले, फक्त सात. त्याला कोणी परत पाठवले नाही, आणि पुढे त्याने 1,539 गुणांची कारकीर्द उभी केली. मग घाईने नुकसान होते हे कशावरून? मान्य आहे, ते सिद्ध करता येत नाही. ड्रायसाइटल एडमंटनमध्येच राहिला असता तर काय झाले असते, हेही कोणी सांगू शकणार नाही. पण थॉर्नटनच्या त्या सात गुणांवरून त्याच्याबद्दल ज्या कोणी जे काही ठरवले असेल ते चुकलेच होते, एवढे तरी पक्के आहे. एका हंगामात जे कळले नाही ते नऊ सामन्यांत कसे कळावे?

तयारीचा प्रश्न इतका तुटक, हो की नाही असा झाला, त्यात नियमाचाही हात आहे. कॅनडाच्या ज्युनियर लीगमधून निवडलेल्या मुलाला वीस वर्षांचा होईपर्यंत व्यावसायिक हॉकीच्या दुसऱ्या पायरीवर, अमेरिकन हॉकी लीगमध्ये, पाठवता येत नसे. एक तर एनएचएल, नाहीतर पुन्हा ज्युनियर. विद्यापीठात खेळणाऱ्यावर हे बंधन नव्हते. कोलोरॅडोने 2017मध्ये चौथा निवडलेला केल मकार दोन वर्षे मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाकडून खेळत राहिला. एप्रिल 2019मध्ये विद्यापीठ स्पर्धेचा अंतिम सामना हरल्यावर दोनच दिवसांनी तो थेट एनएचएलच्या प्लेऑफमध्ये उतरला आणि पहिल्याच सामन्यात गोल केला. तो कच्चा की तयार, याचा निवाडा दहाव्या सामन्याच्या आत करायची वेळ कोणावर आली नव्हती. 2025च्या उन्हाळ्यात लीग आणि खेळाडू संघटना यांच्यात जो नवा करार झाला, त्यात प्रत्येक संघाला एकोणीस वर्षांचा एक ज्युनियर खेळाडू त्या मधल्या पायरीवर ठेवण्याची मुभा आहे. अठरा वर्षांच्या मुलासाठी दोनच दारे पूर्वीसारखी उघडी आहेत.