साक्षीदार किती, आणि कसे?

हौशी मंडळींनी काढलेली आकाशाची छायाचित्रे पाहताना एक प्रश्न पुष्कळांच्या मनात येतो. तो भाबडा म्हणून सोडून देण्याजोगा नाही. दुर्बिणीला डोळा लावला तर देवयानी दीर्घिका राखाडी धुक्याच्या पुंजक्यासारखी दिसते. मग छायाचित्रातले हे निळे-तांबूस वैभव आले कोठून? याला सत्य म्हणावे की सजावट?

असे छायाचित्र एका क्षणाचे नसते. एकाच दिशेची, कित्येक मिनिटांची एकेक अशी असंख्य चित्रे रात्रीमागून रात्री घेतली जातात आणि संगणकावर एकावर एक रचली जातात. जे सर्वांत आहे ते उजळते. जे एखाद्यातच आहे ते गळून पडते. मधूनच गेलेल्या उपग्रहाची रेघ अशीच पुसली जाते. (उपग्रह काही खोटा नव्हता, प्रश्न त्याच्याविषयी नव्हता, इतकेच.) आमच्या मते यात असत्य नाही. पुसट अक्षर वाचण्यासाठी दिवा जवळ आणणे निराळे आणि पदरचे अक्षर लिहिणे निराळे.

परंतु उजळलेले अक्षर कागदावरचे आहे की चष्म्याच्या काचेवरचा डाग आहे, हे कसे ओळखावे? २०२२ साली यान सँती, मार्सेल ड्रेक्सलर आणि झाविए स्ट्रॉटनेर या हौशी छायाचित्रकारांपुढे हाच पेच उभा राहिला. त्यांनी देवयानीचा शंभराहून अधिक तासांचा प्रकाश जमवला होता. त्यात दीर्घिकेशेजारी ऑक्सिजनच्या हिरवट-निळ्या प्रकाशाचा, पौर्णिमेच्या चंद्राच्या सुमारे तिप्पट लांबीचा कंस उमटला. आकाशातील सर्वाधिक छायाचित्रित दीर्घिकांपैकी ही एक, आणि तो कंस कोणालाच ठाऊक नव्हता! तेव्हा इतरांनी अन्य ठिकाणांहून, वेगळ्या दुर्बिणींनी तोच भाग टिपला. कंस तेथेही होता. २०२३च्या जानेवारीत शोध प्रसिद्ध झाला. तो देवयानीजवळ आहे की आपल्याच आकाशगंगेत, याविषयी पुढे मतभेद झाले. तो आहे, याविषयी नाही.

ही रीत जुनी आहे. ग्रहणात सूर्याभोवती दिसणाऱ्या लालसर ज्वाला सूर्याच्या, चंद्राच्या, की निव्वळ दृष्टिभ्रम, हा वाद १८ जुलै १८६० च्या स्पेनमधील खग्रास ग्रहणात निकालात निघाला. उत्तरेस रिवाबेयोसा येथे वॉरन डी ला रू यांनी छायाचित्रे घेतली. कागद-छपाईच्या धंद्यातले हे गृहस्थ हौशी खगोलनिरीक्षक होते. शेकडो किलोमीटर दूर, भूमध्य सागराच्या बाजूला येशूसंघीय फादर अँजेलो सेक्की यांनी घेतली. दोहोंतल्या ज्वाला जुळल्या. ज्वाला सूर्याच्या ठरल्या.

जुळल्या, याला मोल आले ते दोघे दूर उभे होते म्हणून. छंद मंडळाचा झाला की नेमकी हीच गोष्ट धोक्यात येते. नवख्याचे चित्र फिके दिसते, शेजाऱ्याचे झळाळते. मग तो आपल्या चित्राला त्याच्यासारखे करू लागतो. दहा चित्रे एकसारखी होतात, पण साक्षीदार एकच उरतो. धर्मग्रामातही एखाद्याच्या चारित्र्याविषयी "सगळेच म्हणतात, फादर" असे ऐकू येते. त्या सगळ्यांपैकी किती जणांनी स्वतः पाहिलेले असते? दानिएलाने सुसान्नेवर आळ घेणाऱ्या दोन वडीलधाऱ्यांना आधी एकमेकांपासून दूर केले, मगच विचारले: कोणत्या झाडाखाली? दोघांनी दोन झाडे सांगितली.

म्हणून मंडळांना आमची एक सूचना आहे. अंतिम चित्राबरोबर मूळ चित्रांचा गठ्ठाही जपून ठेवावा, आणि मंडळातील दुसऱ्या कोणीतरी, पहिल्याचे चित्र न पाहता, तो नव्याने रचून पाहावा. गठ्ठ्यात उपग्रहांच्या रेघाही असतील. त्या असू द्याव्यात.