डोलकाठीच्या आधीचे झाड

शाळेत ‘फोंड्याचा वेढा’ आला की आम्हा फोंडाघाटच्या पोरांची छाती फुगायची. १६८३ साली संभाजीराजांनी पोर्तुगीज विजरईला पिटाळले ते इथूनच, येसाजी कंक लढले तेही इथेच, असे आम्ही धरूनच चाललो होतो. मग कळले, तो फोंडा गोव्यातला. आमच्याकडे किल्ला नाही, वेढा नाही. कणकवलीची एसटी आहे, बाजार आहे, आणि बाजार सरला की दाजीपूरकडे चढणारा घाट.

हा घाट चढताना मला तलवारीचा वीर आठवत नाही, आठवतात रामचंद्रपंत अमात्य. उत्तरेला याच सह्यकड्यावरचा गगनबावडा पुढे त्यांच्या वंशजांची जहागीर झाला. १६८९ मध्ये राजाराम महाराज जिंजीकडे निघाले तेव्हा मागचा मुलूख ‘हुकूमतपन्हा’ म्हणून पंतांच्या हाती आला. संताजी-धनाजींची नावे पोरासोरांना पाठ. त्यांच्या मागे गड आणि कारभार सांभाळणाऱ्याचे नाव परीक्षेपुरते.

१७१५ च्या सुमाराचे ‘आज्ञापत्र’ याच पंतांचे. त्यातल्या आरमाराच्या प्रकरणात एक गोष्ट मला फार मोठी वाटते. जहाजाला फळ्या लागतात, सोट लागतात, डोलकाठ्या लागतात. पंत सांगतात, रानातला साग तोडायचा तर हुजुरांची परवानगी घ्या. कमी पडेल ते परमुलखातून विकत आणा. आंबा-फणसही जहाजाच्या कामाचे, पण त्यांना हात लावायचा नाही, कारण ते वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ते पोटच्या पोरासारखे वाढवलेले असतात. एखादे झाड अगदीच जीर्ण झाले असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन न्यावे.

यात दया आहे, पण मला त्याहून जास्त दिसतो तो हिशेब. घोडदळ मोडले तर दसऱ्यापर्यंत पुन्हा उभे करता येते. घोडा विकत मिळतो, स्वार चाकरीला येतो. आरमाराचे तसे नाही. डोलकाठी होण्याआधी ते झाड कुणीतरी, बहुधा आजोबाने, लावलेले किंवा रानात राखलेले असते. म्हणजे आरमार बाळगणाऱ्या राजाला आपल्या हयातीपलीकडचे मोजावे लागते. फौजेची मोहीम आखणारे सरदार आपल्याकडे पुष्कळ झाले. झाडाच्या वयाने राज्य मोजणारा हा एकच कारभारी मला ठाऊक आहे.

पंतांनंतर जेमतेम चाळीस वर्षे गेली. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाखाली तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले. तोफा इंग्रजांच्या, संगनमत नानासाहेब पेशव्यांचे. एका जहाजाची आग दुसऱ्याला लागत गेली आणि कित्येक पिढ्यांचे लाकूड काही तासांत संपले. तुळाजीचा बंदोबस्त झाला, हे खरे. पण त्या लाकडाची वर्षे कुणी मोजली?

आमच्याकडे अजून कुणाला वाशासाठी फणस हवा असला, तर तो थेट झाडाचे नाव काढत नाही. ओटीवर टेकतो, गूळपाणी घेतो, पावसाचे बोलतो, काजूचा भाव विचारतो. मग हळूच परसाकडे बघतो. घरातली म्हातारी त्याआधीच ओळखून बसलेली असते. ती आतूनच विचारते, “फणस सुकलो काय रे?”