माळाला पडीक म्हणणारा नकाशा

सातारा हा एकच जिल्हा, पण त्याच्या पश्चिमेला महाबळेश्वरात वर्षाला 5,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि पूर्वेला माण तालुक्यात 500च्या आसपास. माणची ही कोरडी जमीन पुढे आटपाडी, कवठेमहांकाळ, जत अशी सांगली जिल्ह्यात पसरत जाते. मुरमाड उतारांवर कुसळी, पवना, मारवेल. अधूनमधून हिवर, बोर, तरवड. लांडगा, खोकड, धाविक इथे राहतात. खिलार गाय आणि माडग्याळी मेंढी याच मुलखात घडली. आणि सरकारी नकाशांत असल्या माळांची गणना बहुतेक वेळा पडीक जमिनीत होते.

हैदराबादचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र उपग्रहचित्रांवरून देशातल्या पडीक जमिनींचा अ‍ॅटलास तयार करते. पहिला 2000 साली निघाला, 2019 साली त्याची नवी आवृत्ती आली. त्यात पडीक जमिनीचे 23 प्रकार आहेत आणि झुडपी जमीन त्यांतच येते. दुसरीकडे भारतीय वन सर्वेक्षणाचा हिशेब: 1 हेक्टरहून मोठ्या जागेवर झाडांची सावली 10 टक्क्यांहून अधिक असली की ते वनाच्छादन. म्हणजे आंब्याची दाट बाग त्यात बसते, शेकडो वर्षांचा गवताळ माळ बसत नाही. यासाठी ऑक्टोबर ते डिसेंबरमधली चित्रे वापरतात. झाडांना तेव्हा पाने असतात, त्यामुळे झाडे मोजण्यासाठी हा काळ योग्यच. पण माणदेशातले गवत तोवर वाळायला लागलेले असते.

या वर्गवारीचे परिणाम जमिनीवर उमटतात. 2016च्या 2 कोटींपासून 2019च्या 33 कोटींपर्यंत राज्यात वृक्षलागवडीची उद्दिष्टे चढत गेली, तेव्हा खड्डे खणायला जागा हवी होती, आणि 'रिकामी' जागा म्हटली की नजर माळाकडेच जाते. गवताची मुळे तोडून चर मारायचे, त्यात गिरिपुष्प लावायचे आणि त्याला हिरवाई म्हणायचे, हे मला अत्यंत चुकीचे वाटते. पवनचक्क्या आणि सौर प्रकल्पांसाठी जागा शोधतानाही हीच नजर काम करते. वीज हवी, याबद्दल वाद नाही. पण जिथे काहीच नाही असे आधीच लिहून ठेवले आहे, तिथे काय गमावले याचा हिशेब कोण मागणार?

आता नकाशे करण्याच्या या कामात उदाहरणांवरून शिकणारे संगणकयंत्र उतरले आहे, आणि त्याची ताकद खरी आहे. सेंटिनेल-2 उपग्रहांची जोडी दर 5 दिवसांनी त्याच जागेवरून जाते आणि 10 मीटरपर्यंतचा तपशील टिपते. हिरवे पान लाल प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश परतवते. या दोहोंच्या फरकावरून हिरवेपणा मोजता येतो. एकाच दिवसाचे चित्र पाहिले तर उजाड झालेली जमीन आणि वाळलेला माळ यांत फरक करणे अवघड. वर्षभराची चित्रे ओळीने लावली की माळाचे चक्र दिसू लागते: आषाढात अंकुरतो, भाद्रपदात भरतो, कार्तिकानंतर पिवळा पडतो. ऊस बाराही महिने हिरवा राहतो. ज्वारीचे शेत कापणीला एकदम उघडे पडते. हे फरक यंत्राला शिकवता येतात. एम. डी. मधुसूदन आणि अबी वनक या संशोधकांनी याच मार्गाने देशाच्या निमकोरड्या भागातल्या खुल्या नैसर्गिक परिसंस्थांचा नकाशा केला. देशाच्या भूभागाचा सुमारे दहावा हिस्सा त्यात येतो, आणि त्यातला 5 टक्क्यांहूनही कमी भाग संरक्षित क्षेत्रांत आहे.

या दोघांनी यंत्राला शिकवण्याआधी वर्गांची यादी बदलली, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. शिकवताना माणूस हजारो ठिकाणांवर बोट ठेवून सांगतो: हे शेत, हे रान, हा माळ. यादीत माळ नसेलच, तर यंत्र त्याला पडीक म्हणायला शिकेल, आणि तीच जुनी चूक देशभर, दरवर्षी, अधिक अधिकारवाणीने करेल. कासच्या सड्याचेच पाहा. मे महिन्यात वरून पाहिले तर तो उघडा कातळ आहे. तिथे सप्टेंबरात काय फुलते हे माणसांना माहीत होते, म्हणून 2012 साली जागतिक वारसास्थळांत त्याचे नाव लागले. माणच्या माळाच्या बाजूने तसे बोलणारे फार थोडे.

माळ म्हणजे तोडलेले जंगल, असा एक जुना समज आहे. आशीष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी जुन्या मराठी ग्रंथांतले आणि लोककथांतले वनस्पतींचे उल्लेख तपासले, तेव्हा पश्चिम महाराष्ट्रातले हे गवताळ प्रदेश किमान 750 वर्षांचे असल्याचे दिसले.

इथे कुणी म्हणेल की, सगळेच माळ काही धडधाकट नाहीत. बरोबर आहे. अतिचराई आणि मुरूम-उपशाने खरोखर बिघडलेल्या जमिनीही आहेत, त्या वेगळ्या दाखवल्याच पाहिजेत. आणि पाण्याचा प्रश्न तर इथल्या माणसांच्या जिवाचा. नागनाथअण्णा नायकवडींसारख्यांच्या नेतृत्वाखाली तेरा दुष्काळी तालुक्यांनी पाण्यासाठी वर्षानुवर्षे लढा दिला. टेंभू उपसा सिंचन योजनेचे पाणी आटपाडीत पोचले ते त्या लढ्याचे फळ, त्याला निसर्गाच्या नावाने नाक मुरडण्याचा हक्क कुणालाच नाही. पण पाणी आल्यावर माळ फोडून ऊस आणि डाळिंब लागले, तर उपग्रहाचा आलेख 'हिरवेपणा वाढला' एवढेच सांगतो. शेतकऱ्याची मिळकत आणि माळाचे जाणे या दोन्ही गोष्टी त्या एकाच रेषेत मिसळतात. त्या वेगळ्या मोजल्या, तरच कुठला माळ द्यायचा आणि कुठला राखायचा यावर गावाला बोलता येईल.

शिवाय यंत्र मुळात निर्वाळा देत नाही, शक्यता सांगते: हा तुकडा माळ असण्याची शक्यता इतकी टक्के. सरकारी तक्त्यात पोचेपर्यंत त्याचा एकच रंग उरतो. ती शक्यता नकाशावर छापलेली राहावी, आणि जिथे ती डळमळीत आहे तिथे आधी माणसाने जाऊन पाहावे.

त्या माणसाने कुणाला विचारावे? 2002च्या जैवविविधता कायद्याने ग्रामपंचायतींना लोक जैवविविधता नोंदवही दिली आहे. कुठल्या उतारावर कोणते गवत, कुठल्या ओढ्याकाठी लांडग्याचे बीळ, हे तिथे गटनंबरासह लिहिले तर यंत्राला शिकवायला याहून चांगला पुरावा नाही. पण 2020च्या जानेवारीअखेरची मुदत गाठण्यासाठी या नोंदी ठिकठिकाणी घाईत उरकल्या गेल्या. ज्यांना गवताची खरी पारख, ते मेंढपाळ धनगर दिवाळीनंतर मेंढरे घेऊन पाण्याच्या मुलखात उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. हिवाळ्या-उन्हाळ्यात घेतलेल्या ग्रामसभेला ते असणारच नाहीत. त्यामुळे गावाचा नकाशा तपासायचा तर श्रावण-भाद्रपदात तपासावा, माळावर उभे राहून, आणि हरकत नोंदवण्याचा हक्क मेंढरांच्या वाड्यावरच्या बाईलाही असावा. कोणत्या उताराचे गवत मेंढी आधी खाते हे तिला माहीत असते.