आधी खरवडावं लागतं



आमच्या पडवीत सागवानी झोपाळा आहे. पावसाळ्यात त्याचं वॉर्निश फुगलं, पापुद्रे सुटले. दिवाळी तोंडावर आलेली. मी घाईघाईनं वरूनच नवा हात मारला. चार दिवस झोपाळा चमकला. मग पुन्हा पापुद्रे. मी वॉर्निशला नावं ठेवली, ब्रशलाही ठेवली.

शेजारचे सुतारकाका हसले. म्हणाले, "अहो, आधी खरवडावं लागतं. लाकूड उघडं पडलं, कोरडं झालं, की मगच वॉर्निश धरतं."

मग पॉलिश पेपर घेऊन बसलो. हात भरून आले. पण हळूहळू सागाच्या रेषा दिसू लागल्या.

मित्रहो, नात्यांचंही असंच नाही का? आत जुना राग तसाच असतो, आणि आपण वरून गोड शब्दांचा हात मारतो. चमक येते, टिकत नाही. आधी खरवडावं लागतं. आपली चूक कबूल करावी लागते. ती जागा थोडी हुळहुळते. तिला सुकायला वेळ द्यावा लागतो.

आज कुणाशी समेट करायचा असेल, तर घाई नको. आधी खरवडा. पण हलक्या हातानं, आणि लाकडाच्या रेषेच्या दिशेनं. आडवं घासलं, तर ओरखडे उरतात.