मत आणि मतें

मराठींत 'मत' हा एकच शब्द मनांतील निश्चयासही लागतो आणि मतपेटींत पडणाऱ्या चिठ्ठीसही. पहिल्यापासून दुसरें निपजावें ही लोकशाहीची अपेक्षा. परंतु राजकारणी पुरुषांच्या हातीं हा क्रम पुष्कळदां उलटा होतो. अमेरिकेंतील समलिंगी विवाहाचा इतिहास ह्या दृष्टीनें विचार करण्याजोगा आहे.

१९९६ सालीं निवडणूक तोंडावर असतां अध्यक्ष क्लिंटन यांनीं अशा विवाहांस केंद्र सरकारची मान्यता नाकारणाऱ्या कायद्यावर सही केली. पुढें २०१३ सालीं त्याच कायद्याविरुद्ध त्यांनीं लेख लिहिला. २००४ च्या फेब्रुवारींत अध्यक्ष बुश यांनीं ह्या विवाहांस प्रतिबंध करणाऱ्या घटनादुरुस्तीचा पुरस्कार केला, आणि त्याच वर्षीं नोव्हेंबरांत, अध्यक्षीय निवडणुकीच्याच दिवशीं, ११ राज्यांत बंदीचे ठराव मतदारांपुढें येऊन सर्वच्या सर्व संमत झाले. ओबामा यांनीं १९९६ सालीं, इलिनॉय राज्याच्या विधिमंडळाचे उमेदवार असतां, अशा विवाहास पाठिंबा दिला; २००८ सालीं विवाह स्त्रीपुरुषांचाच असतो असें सांगितलें; आणि २०१२ सालीं पुन्हां पाठिंबा दिला. मधला पवित्रा राजकीय सोयीचा होता, असें त्यांचे सल्लागार ॲक्सेलरॉड यांनीं २०१५ सालीं लिहिलें.

येथें कोणी म्हणेल कीं, लोकांस बरोबर घेऊन चालणें हें पुढाऱ्याचें कर्तव्यच नव्हे काय? आम्हांसही तें मान्य आहे. परंतु लोकमत पक्व होईपर्यंत थांबणें निराळें, लोकांस खोटें सांगणें निराळें, आणि त्यांच्या मनांतील भय फुंकून पेटविणें तर सर्वस्वी निराळें. धर्मबुद्धीनें ह्या विवाहास विरोध करणाऱ्याशीं आमचा मतभेद असला, तरी त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल आम्हांस आदर वाटतो. डाव मांडणाऱ्याची गोष्ट वेगळी. तो पणास लावतो दुसऱ्याचा संसार. एडिथ विंडसर यांच्या सहचारिणीचें २००९ सालीं निधन झालें, तेव्हां १९९६ च्या त्या कायद्यामुळें त्यांस पत्नीचा दर्जा मिळेना आणि ३,६३,००० डॉलरांहून अधिक वारसाकर भरावा लागला. २०१३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्यांस न्याय दिला. पण सही करतांना त्यांस कोणीं विचारलें होतें?

पणास लावण्याचा अधिकार तुम्हांस कोठला, हा द्रौपदीचा प्रश्न ऐकून कौरवसभेंतील वृद्धांनीं मान खालीं घातली होती. आजच्या सभेंत त्या आसनांवर मतदार बसला आहे. त्यानें उमेदवारास एवढें तरी विचारावें: हें आपलें मत, कीं मतांसाठीं घेतलेलें सोंग?